विश्लेषण : पाणमांजर की पाणकुत्रा? वेल्श भाषेतील प्राणी-वनस्पतींची नावे कशी टिकणार?

नदीकाठी राहणारा, मासे पकडून खाणारा, चाहूल लागताच सळकन पाण्यात शिरणारा प्राणी. मराठीने त्याच्यात मांजर पाहिले आणि त्याला पाणमांजर म्हटले. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्समध्ये लोकांनी त्याच प्राण्यात कुत्रा पाहिला. तिथे त्याचे नाव ‘दव्रगी’, म्हणजे पाण्यातला कुत्रा. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्राण्याला नाव देताना त्या भाषेच्या लोकांनी त्याच्याकडे कसे पाहिले, हे त्यातून कळते. वेल्श भाषेत अशी नावे शेकड्यांनी आहेत आणि समाजमाध्यमांवर त्यांच्या याद्या कौतुकाने फिरत असतात. मात्र ती नावे रोज उच्चारणारी माणसे आणि ज्यांची ती नावे आहेत ते जीव, हे दोन्ही एकाच वेळी कमी होत आहेत. म्हणून हा विषय केवळ गमतीदार शब्दांचा नाही.

वेल्श भाषेची सध्याची स्थिती काय?

वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. २०२१ च्या जनगणनेनुसार तीन वर्षे व त्यावरील वयाचे ५ लाख ३८ हजार लोक वेल्श बोलू शकतात. हे प्रमाण १७.८ टक्के आहे. २०११ मध्ये ते १९ टक्के होते, तर १९११ मध्ये ४३ टक्क्यांहून अधिक. २०११ ते २०२१ या दहा वर्षांतील घट प्रामुख्याने ३ ते १५ या वयोगटातील आहे.

या घसरणीमागे मोठा इतिहास आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. तिला ‘वेल्श नॉट’ म्हणत. पुढे चित्र पालटू लागले. १९८२ मध्ये वेल्श भाषेची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. २०५० पर्यंत दहा लाख भाषक घडवण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारने २०१७ मध्ये जाहीर केले. फलक, शासकीय पत्रे, बँकेचे अर्ज या सगळ्यांत वेल्श दिसते. पण कार्यालयातली भाषा आणि रानातली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज कायद्याच्या बळावर दोन भाषांत छापता येतो. ओढ्याकाठच्या पक्ष्याला मुलाने कोणत्या नावाने ओळखावे, हे कायद्याने ठरत नाही.

या नावांमध्ये विशेष काय आहे?

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड हा किडा शेतकऱ्यांच्या ओळखीचा, कारण तो मावा खातो. वेल्शमध्ये त्याला ‘ब्यूख गोख गॉता’ म्हणतात. शब्दशः अर्थ, आखूड लाल गाय. मराठीतल्या ‘चतुर’ या कीटकाचे वेल्श नाव ‘ग्वास अ नेय्द्र’, म्हणजे सापाचा नोकर. अंगभर काटे असलेला हेजहॉग हा ‘द्राइनोग’, अर्थात काटेवाला. जमीन उकरून बिळात राहणारा बॅजर हा ‘मॉखिन दायर’, म्हणजे मातीतले डुक्कर. मराठीतला सुतार पक्षी वेल्शमध्ये ‘झाड ठोठावणारा’ होतो. खंड्याला ‘ग्लास अ दोर्लान’ म्हणतात. नदीच्या पाण्याने आतून कोरलेल्या काठाला ‘तोर्लान’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्या काठावरची निळाई म्हणजे खंड्या. या पक्ष्याचे घरटे नेमके अशाच उभ्या काठातल्या बिळात असते, म्हणजे नावातच पत्ता आला. (येथे दिलेले उच्चार जवळपासचे आहेत. वेल्शमधील एक ‘ल’ जीभ टाळ्याला लावून बाजूने हवा सोडत उच्चारतात. तो येथे ‘ल्ह’ असा लिहिला आहे.)

फुलपाखराला तर तीन नावे आहेत. ‘पिली-पाला’ हे मुलांच्या तोंडी सहज बसणारे. ‘यार वाख अर हाव’ म्हणजे उन्हाळ्यातली छोटी कोंबडी. तिसरे ‘ग्लोइन ब्यू’, म्हणजे जिवंत निखारा. एकाच जीवाची ही तीन नावे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या नजरेने त्याच्याकडे पाहिल्याची खूण आहेत.

वनस्पतींची नावेही अशीच आहेत. डेझीचे फूल दिवस उजाडला की उघडते आणि सायंकाळी मिटते, म्हणून ते ‘ल्हगाद अ दीद’, दिवसाचा डोळा. इंग्रजीतल्या ‘डेझी’ या शब्दाच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. वसंतात जंगलाखाली निळा गालिचा पसरवणारे ब्लूबेल वेल्शमध्ये ‘क्लखाइर गोग’ होते, म्हणजे कुक्कूच्या घंटा. कुक्कू पक्षी परत येण्याचा आणि हे फूल फुलण्याचा काळ एकच. ज्याला नाव कळले त्याला ऋतूही कळला. वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह असलेला लीक हा कांद्यासारखा भाजीचा कंद, आणि दुसरे चिन्ह असलेले पिवळे डॅफोडिल. वेल्शमध्ये लीक म्हणजे ‘केनहिनेन’ आणि डॅफोडिल म्हणजे ‘केनहिनेन बेदर’, संत पीटरचा लीक. दर १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, लोक छातीवर कधी भाजी तर कधी फूल का लावतात, याचा उलगडा या नावांच्या जवळिकीतून बऱ्याच अंशी होतो.

फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या फुलाचे वेल्श नाव ‘बसेद अ कून’, कुत्र्याची बोटे. त्याच्या लॅटिन नावातही ‘बोट’च आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये याच वनस्पतीच्या औषधी उपयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे तिच्यापासून हृदयविकारावरील औषध तयार झाले. तिचे प्रमाण थोडे चुकले तर ती विष ठरते. अशा वेळी नेमकी वनस्पती ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. मिदवाई या गावच्या वैद्यांची परंपरा तेराव्या शतकापासून सांगितली जाते आणि त्यांच्या औषधांच्या नोंदी मध्ययुगीन वेल्श हस्तलिखितांत आहेत. त्या वैद्यांसाठी वनस्पतीचे नाव हे रोजच्या कामाचे साधन होते.

व्याकरणातही निसर्ग दिसतो का?

काही अंशी होय. मराठीत आधी एक झाड, मग अनेक झाडे. वेल्शमध्ये बऱ्याच सजीवांच्या बाबतीत उलटा क्रम आहे. ‘कोइद’ म्हणजे झाडे किंवा रान. त्याला प्रत्यय जोडून ‘कोइदेन’ केले की एक झाड. ‘आदर’ म्हणजे पक्षी, अनेक. त्यातला एकटा निवडायचा तर ‘अदेरिन’. मासे, मधमाश्या, मुंग्या, डुकरे, ओकची फळे या सगळ्यांचे असेच. मूळ शब्द समूहाचा, एकट्यासाठी वेगळा प्रत्यय. थवा, पोळे, वारूळ किंवा रान आधी दिसते, त्यातला एक जीव नंतर, असे हे व्याकरण आहे. यावरून वेल्श माणूस निसर्गाचा अधिक विचार करतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण जे एकेकटे क्वचितच भेटतात, त्यांना भाषेने समूहानेच ओळखले, एवढे मात्र खरे.

दुसरे वैशिष्ट्य शब्दाच्या सुरुवातीचे. मराठीत ‘घोडा’ला विभक्ती लागली की ‘घोड्याला’ होते, म्हणजे शब्दाचा शेवट बदलतो. वेल्शमध्ये शब्दाचे पहिले अक्षर बदलते. कुत्रा म्हणजे ‘की’. पण ‘तुझा कुत्रा’ म्हणताना ‘गी’, ‘तिचा कुत्रा’ म्हणताना ‘खी’. ‘दव्रगी’मधला ‘गी’ हाच. ब्रिटनच्या दिवंगत राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्यामुळे जगभर माहीत झालेला आखूड पायांचा ‘कॉर्गी’ हाही यातलाच. ‘कॉर’ म्हणजे बुटका, ‘गी’ म्हणजे कुत्रा. वेल्श येत नसलेल्या माणसाला शब्दकोशात अनेकदा शब्द सापडत नाही, कारण तो भलत्याच अक्षराखाली शोधत असतो.

या शब्दांचे भारतीय भाषांशी नाते आहे का?

आहे, आणि ते ओढूनताणून लावलेले नाही. वेल्श ही केल्टिक शाखेतली भाषा, मराठी संस्कृतच्या शाखेतली. दोन्ही शाखा इंडो-युरोपीय कुटुंबातल्या. डँडेलियन या पिवळ्या रानफुलाला वेल्शमध्ये ‘दान्त अ ल्हेउ’, म्हणजे सिंहाचा दात म्हणतात. त्यातला ‘दान्त’ आणि संस्कृतचा ‘दन्त’, मराठीचा ‘दात’ हे एकाच मुळाचे. ओक वृक्षाचे ‘देरू’ आणि ‘देवदार’मधले ‘दारु’ म्हणजे लाकूड, यांचे मूळ एक. अस्वलाचा ‘आर्थ’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’, बैलाचा ‘ईख’ आणि ‘उक्षन्’, मधाच्या मद्याचा ‘मेद’ आणि ‘मधु’ ही अशीच भावंडे. कुत्र्याचा ‘की’ आणि संस्कृत ‘श्वन्’ हेही एकाच घरचे, उच्चार मात्र काळाच्या ओघात फार दूर गेले.

हे नाते जगापुढे स्पष्टपणे मांडणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या वडिलांचे मूळ वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे. ते गणितज्ञ होते. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर दाखवण्यासाठी ‘पाय’ हे चिन्ह त्यांनी १७०६ मध्ये वापरले. मुलाने १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे सांगितले आणि केल्टिक भाषांचाही त्यात समावेश असल्याचे सुचवले. रोजच्या जगण्यातल्या प्राण्या-झाडांची नावे हजारो वर्षे टिकतात, म्हणूनच अशा नात्यांचा माग लागतो.

प्राणी गेला तर नावाचे काय होते?

वेल्समध्ये आज रानात अस्वल नाही, लांडगा नाही. बीव्हर हा लाकूड कुरतडून नदीवर बांध घालणारा प्राणीही शतकांपूर्वी नाहीसा झाला. दहाव्या शतकातील राजा हवेल दा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत प्राण्यांचे मोल ठरवलेले होते. मांजरीचे पिल्लू डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेन्स, त्यानंतर चार पेन्स. बीव्हरचे कातडे तर राजाच्या हक्काचे मानले जाई. या प्राण्याचे जुने नाव ‘ल्हॉस्त-लदान’, म्हणजे रुंद शेपटीवाला. जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू ११८८ मध्ये वेल्सभर फिरला आणि बीव्हर आता तैवी या एकाच नदीत उरल्याची नोंद त्याने केली.

पुढे तेही संपले. बीव्हरसाठीचा दुसरा शब्द ‘आवांक’ मात्र उरला, तोही दंतकथेत. डोहात राहून पूर आणणाऱ्या आणि अखेर बैल जुंपून ओढून काढाव्या लागलेल्या राक्षसाचे ते नाव झाले. प्राणी पाहिलेला माणूसच उरला नाही की नावाला असे शेपूट फुटते. आता वेल्समध्ये कुंपणाच्या आत बीव्हर पुन्हा आणले गेले आहेत आणि ‘आवांक’ पुन्हा एका खऱ्या प्राण्याचे नाव बनते आहे.

याच वाटेवर सध्या ‘गल्विनिर’ आहे. गल्विनिर म्हणजे कर्ल्यू, लांब वाकड्या चोचीचा पाणथळ पक्षी. नावाचा अर्थही ‘लांब चोच’ असाच. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दिसतात. वेल्समध्ये त्यांची वीण इतक्या वेगाने घटते आहे की, २०३० च्या दशकात ती पूर्ण थांबेल, असा इशारा अभ्यासकांनी दिला आहे. ब्रिटनमधील वन्यजीवांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सांगतो की, तिथल्या जवळपास दर सहा प्रजातींपैकी एक नाहीशी होण्याच्या धोक्यात आहे. उलट उदाहरणही आहे. ‘बार्किद’ म्हणजे लाल घार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनभरात तिच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या, त्याही मध्य वेल्सच्या दऱ्यांत. तिथल्या लोकांनी ती जपली. आज ती वेल्सच्या आकाशात सर्रास दिसते आणि तिचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. प्राणी वाचला की नावाला वेगळी मोहीम लागत नाही.

एकाच प्राण्याला अनेक नावे, मग अधिकृत कोणते?

कोल्ह्याला उत्तर वेल्समध्ये ‘ल्हुइनोग’ म्हणतात, म्हणजे झुडपातला. दक्षिणेत तोच ‘कादनो’. घुबड उत्तरेत ‘तल्हीअन’, दक्षिणेत ‘गुदिहू’, जणू त्याचा आवाजच. मध्ययुगीन ‘माबिनोगी’ कथांत फुलांपासून घडवलेल्या ब्लोदाइवेद या स्त्रीला शिक्षा म्हणून घुबड केले जाते, त्यामुळे तेही एक नाव. बोलताना ही विविधता आनंदाची असते. पण शाळेचे पुस्तक, अभयारण्याचा फलक किंवा सरकारी अहवाल लिहायचा तर एक नाव ठरवावे लागते. त्याहून मोठी अडचण पतंग, शेवाळ, बुरशी यांसारख्या हजारो प्रजातींची. त्यांच्यातील अनेकांना लोकभाषेत स्वतंत्र नावच नव्हते.

हे काम हौशी लोकांनी उचलले. १९७८ मध्ये वेल्श भाषेतून निसर्ग अभ्यासणाऱ्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि त्याला एडवर्ड लुइड यांचे नाव दिले. नाव अगदी समर्पक होते. लुइड (१६६० ते १७०९) हे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख होते. वेल्सच्या सर्वोच्च शिखरावरच्या कड्यांत उगवणारी एक नाजूक पांढरी लिली त्यांनी शोधली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे तिला त्यांच्या नावावरून ‘लॉइडिया’ म्हटले. याच माणसाने १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि आयरिश या भाषांचे नाते दाखवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. फूल शोधणे आणि शब्द शोधणे ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हती.

या मंडळाने पृष्ठवंशी प्राणी, सपुष्प वनस्पती, पतंग-फुलपाखरे-चतुर यांच्या प्रमाण वेल्श नावांच्या याद्या पुस्तकरूपाने काढल्या आणि पुढे नावांचा शोध घेण्याची सोय इंटरनेटवरही केली. त्यावर आक्षेप येणे स्वाभाविक आहे. समितीने ठरवलेले नाव कृत्रिम वाटते आणि एक नाव पुस्तकात गेले की गावातली चार नावे मागे पडतात. आक्षेपात तथ्य आहे. तरीही पर्याय काय, हे पाहायला हवे. प्रमाण नाव नसेल तर फलकावर गावातले नाव येत नाही, इंग्रजी नाव येते. त्यामुळे लिहिण्यासाठी एक नाव आणि नोंदीत सगळी नावे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. १९२१ मध्ये साहित्य जमवायला सुरुवात होऊन २००२ मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झालेल्या वेल्श विद्यापीठाच्या महाकोशाने बोलीतल्या नावांना जागा देऊन हेच केले.

समाजमाध्यमांवरील गमतीदार नावांचे काय?

जेलीफिशला वेल्शमध्ये ‘पसगोद विब्ली वॉब्ली’, म्हणजे ‘डुगडुगणारे मासे’ म्हणतात, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो विनोद आहे. खरे प्रचलित नाव ‘स्लेव्रेन वोर’. मायक्रोवेव्हला ‘पॉप्ती पिंग’ म्हणतात, हाही त्याच जातीचा विनोद. शब्दकोशातला शब्द ‘मायक्रोदॉन’ आहे. वेल्श लोक स्वतःही हे विनोद करतात, त्यात गैर काही नाही. अडचण अशी की, बाहेरच्या जगाला वेल्श भाषा फक्त अशा शब्दांपुरती माहीत होते. भाषा म्हणजे गमतीचा संग्रह, असा समज झाला की तिच्यातून विज्ञान शिकवावे किंवा न्यायालयात बोलावे, ही मागणीही गमतीची वाटू लागते. खरी नावे विनोदाइतकीच मजेदार आहेत. लाल आखूड गाईला आणखी रंगवण्याची गरज नाही.

नकाशावर ही नावे कशी दिसतात?

ल्हानवाइरपुल्हग्विनगिल्ह हे अँगलसीमधले गाव त्याच्या ५८ अक्षरी लांबलचक नावासाठी प्रसिद्ध आहे. हे लांब रूप एकोणिसाव्या शतकात पर्यटकांना ओढण्यासाठी बनवले गेले. पण मूळ छोट्या नावातही पांढऱ्या हेझल झाडांजवळचा डोह आहे. १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरणाखाली बुडवलेल्या गावाचे नाव कापेल केलिन, आणि ‘केलिन’ म्हणजे होली हे काटेरी पानांचे झाड. गाव, शाळा, प्रार्थनास्थळ आणि पूर्णपणे वेल्श बोलणारी वस्ती एकाच वेळी पाण्याखाली गेली. ती जखम वेल्सच्या राजकारणात आजही ताजी आहे.

२०२२ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ‘एररी’ आणि शिखरासाठी ‘अर विद्वा’ ही वेल्श नावे वापरण्याचा निर्णय घेतला. ‘एररी’ म्हणजे गरुडांचे स्थान, असे लोक पूर्वीपासून सांगत आले, कारण गरुडाला ‘एरिर’ म्हणतात. भाषातज्ज्ञांच्या मते मात्र त्याचा अर्थ ‘उंच प्रदेश’ असा आहे. लोकांना भावलेला अर्थ आणि खरा अर्थ यांत फरक असू शकतो, हे नावांच्या प्रेमिकांनीही मान्य करायला हवे. २०१६ च्या कायद्यानुसार वेल्समध्ये ऐतिहासिक स्थळनामांची अधिकृत यादी तयार झाली. पण यादीत नोंद म्हणजे संरक्षण नव्हे. एखाद्याने शेतघर विकत घेऊन त्याचे जुने वेल्श नाव काढले, तर यादी त्याला अडवू शकत नाही.

झाडे लावायची की शेतकरी टिकवायचा?

सगळ्यात अवघड प्रश्न इथे आहे. वेल्समध्ये शेती, वनीकरण व मासेमारीत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोक वेल्श बोलतात. एकूण लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे. ज्या शेताला ‘एइथिनचे शेत’ म्हणतात तिथे एइथिन, म्हणजे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप, कुठे उगवते हे ज्याला माहीत आहे, तो माणूस बहुधा मेंढपाळ शेतकरी असतो.

वेल्श सरकारने शेती अनुदानाच्या नव्या योजनेत प्रत्येक शेतकऱ्याने १० टक्के जमीन झाडांखाली आणावी, अशी अट प्रस्तावित केली. त्याविरोधात २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी आंदोलने झाली. संभाव्य रोजगारहानी दाखवण्यासाठी कार्डिफमध्ये संसदेच्या पायऱ्यांवर गमबुटांचे सुमारे ५,५०० जोड मांडण्यात आले. शेतकरी उठला तर भाषाही उठेल, हा मुद्दा त्यात ठळक होता. बाहेरच्या कंपन्या कार्बनच्या हिशेबासाठी शेते विकत घेऊन झाडे लावत असल्याचा रागही होता. सुधारित योजनेतून ती सरसकट अट वगळण्यात आली.

येथे दोन्ही बाजूंना काही कबूल करावे लागेल. कुरणांची लवकर आणि वारंवार कापणी, पाणथळ जागा कोरड्या करणे, यांमुळे गल्विनिरची घरटी उद्ध्वस्त झाली. म्हणजे भाषा जपणाऱ्याच शेतात पक्षी संपत आला. त्यामुळे ‘शेतकरी आहे तसाच राहू द्या’ हे पुरेसे उत्तर नाही. दुसरीकडे, ज्या खोऱ्यात माणूसच उरणार नाही तिथे लावलेल्या ओकला ‘देरू’ कोण म्हणणार, हा प्रश्नही बिनतोड आहे. रान वाचवण्याचा खर्च भाषेने भरावा किंवा भाषा वाचवण्याचा खर्च रानाने, अशी मांडणीच चुकीची आहे. शेतकऱ्याला शेतावर राहून कुरण उशिरा कापण्याचे, ओलसर जागा राखण्याचे, बांधावर स्थानिक झाडे वाढवण्याचे पुरेसे पैसे मिळाले तर पक्षी, शेतकरी आणि नाव असे तिघेही टिकू शकतात. अनुदानाची आकडेमोड करताना भाषेवरील परिणाम हा परिशिष्टातला मुद्दा न राहता पहिल्या पानावरचा असला पाहिजे.

मग उपाय कोणता?

इंग्रजीसारख्या बलाढ्य भाषेलाही या प्रश्नातून सुटका नाही. मुलांसाठीच्या एका ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून ब्लूबेल, खंड्या, पाणमांजर यांसारखे शब्द वगळले गेले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड असे शब्द आले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या पार्श्वभूमीवर रॉबर्ट मॅकफार्लेन आणि चित्रकार जॅकी मॉरिस यांचे ‘द लॉस्ट वर्ड्स’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले. २०१९ मध्ये कवयित्री मेरेरिद हॉपवुड यांनी ते वेल्शमध्ये आणले, तेही भाषांतर न करता नव्याने रचून. कारण पाण्यातल्या कुत्र्याची कविता इंग्रजी ‘ऑटर’च्या कवितेवरून उतरवता येत नाही.

पुस्तके, कोश, याद्या आवश्यक आहेत. सगळ्या सरकारी शाळांत १६ वर्षांपर्यंत वेल्श सक्तीची आहे आणि २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने शाळांवरची जबाबदारी आणखी वाढवली. पण वर्गातल्या तक्त्यावर ‘ग्लास अ दोर्लान’ पाठ करणारे मूल आणि नदीकाठी निळी रेघ चमकून गेल्यावर तेच नाव ओरडणारे मूल, यांत फरक आहे. पहिल्या मुलासाठी शिक्षक पुरतो. दुसऱ्यासाठी नदी स्वच्छ हवी, काठ काँक्रीटचा नको, त्यात खंड्याचे बीळ हवे आणि सोबत नाव सांगणारे कोणीतरी मोठे माणूस हवे.

भाषा खाते वेगळे, पर्यावरण खाते वेगळे, शेती खाते वेगळे, ही सरकारी सोय आहे. तीनशे वर्षांपूर्वी एडवर्ड लुइड यांनी एकाच आयुष्यात कड्यावरचे फूलही नोंदवले आणि भाषांचे नातेही. आज त्या फुलाची ब्रिटनमधली वस्ती एररीच्या मोजक्या कड्यांवर उरली आहे आणि वाढत्या तापमानात तिला वर सरकायला जागा नाही. तिचे वेल्श नाव ‘लिलीर विद्वा’, विद्वा शिखराची लिली. फूल गेले तर नाव कोशात राहील, पण शिखरावर बोट दाखवून ते सांगता येणार नाही. नावे वाचवण्याची वेळ त्याआधीची असते.